ओव्हरसिअरपर्यंतच शिकवायचं

सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं, नाव काढलं की पुण्यातला माणूस ताठ होतो, आणि व्हायलाच हवं, पण १८५४ ला ते उघडलं तेव्हा त्याचं नाव पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल होतं आणि हेतू ठरलेला होता, की सरकारी इमारती, कालवे, रेल्वे, पूल यांच्या कामावर लागणारी हाताखालची माणसं तयार करायची. वर साहेब, खाली कामावर देखरेख करणारे आपले ओव्हरसिअर. पुढे ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं, विश्वेश्वरय्या १८८३ ला तिथूनच एलसीई, म्हणजे तेव्हाची सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, घेऊन बाहेर पडले, म्हणजे पोरांच्या डोक्यात काही कमी होतं असं अजिबात नाही, जागाच तेवढ्या ठेवलेल्या होत्या.

मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट घ्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये दिले, १८५७ ला शाळा सुरू झाली, १८६५ ला लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. व्हीटीवर, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनवर, जी पानं, फुलं, प्राणी कोरलेत ना, ते काम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलंय, कधी गर्दी नसेल तेव्हा मान वर करून नीट बघा, काय हात होता त्या पोरांचा! पण इमारतीबरोबर नाव येतं ते आर्किटेक्ट स्टीव्हन्स साहेबाचं. कोरणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का?

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागते ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट. चित्रकला शिकायला ते जेजेत गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, मग पेंटिंग सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआय (व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट) मध्ये तेच शिकवायला लागले. व्हीजेटीआय १८८७ चं, तेव्हा भायखळ्याला होतं, गिरणीमालक दिनशा पेटिटांचा त्याला मोठा हातभार, माटुंग्याला ते १९२३ मध्ये आलं. तिथे ड्रॉइंग बोर्डवर मशीन उतरवायचं आणि वर्कशॉपमध्ये तेच मशीन हाताखालून जायचं, दोन्ही बाजू पक्क्या झालेला असा मास्तर कुठल्याही संस्थेने जपून ठेवला असता. पण बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो इंडियनला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

मी आयटीआयला फिटरची पोरं शिकवलीयेत म्हणून सांगतो, पोरगा तासन् तास फाइल (कानस) मारून लोखंडाचा जॉब सपाट करतो, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेड दिसतोय का बघतो, तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी असतं की याच्यापुढे काहीतरी आहे. ते पुढचंच बंद असेल तर शाळा कितीही भारी चालवा, नुसती हत्यारं चालवणारे हात मिळतील. आणि हे तेव्हा मुद्दाम तसं ठेवलेलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मशीन तर विलायतेहूनच यायचं, इथे फक्त ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा हवा होता.

याला वेगळी वाट दाखवली ती बडोद्याने. सयाजीरावांच्या राज्यात १८९० ला कलाभवन निघालं, प्रो. त्रिभुवनदास गज्जर प्रमुख, आणि त्यांचा आग्रह असा की रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचं. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याचा पोरगा दारातूनच परत जाणार नाही एवढी साधी गोष्ट, पण मुंबई-पुण्याच्या सरकारी शाळांना ती सुचली नाही. दादासाहेब फाळके जेजेनंतर इथेच शिकले.

आणि लक्ष्मणराव? ते बेळगावला भावाबरोबर सायकलच्या दुकानात लागले, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी त्यांनी सोडलं नाही. १९१० ला औंधच्या संस्थानात जागा मिळाली, किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि तिथे अनंतराव फळणीकरांसारखा शिक्षण अर्धवट सोडलेला माणूस काम करता करता इंजिनिअर झाला.