आधी डागाचा फोटो

"काकू, तुम्ही जुनी पुस्तकं-बिस्तकं ऑनलाइन विकता म्हणे. सुरुवात कशी करायची?" नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारं दर तिसरं माणूस हे विचारतं. चार मजल्यांत उत्तर संपत नाही, म्हणून लिहूनच टाकते.

महालातलं घर सोडलं तेव्हा मामंजींची अडीच कपाटं पुस्तकं आमच्यासोबत फ्लॅटमध्ये आली. ठेवायला जागा नव्हती. रद्दीवाल्यानं काटा बाहेर काढला आणि माझ्या पोटात कालवलं. म्हटलं, थांब बापा, आज नको. लेकीनं फोनवर खातं उघडून दिलं आणि सुट्टी संपली तशी ती निघून गेली. पुढचं मी चुकतमाकत शिकले.

पहिली जाहिरात आठवली की अजून हसू येतं. 'उत्तम स्थितीतील कादंबऱ्या, वाजवी किंमत.' रात्री फ्लॅश मारून काढलेला फोटो, त्यात मुखपृष्ठावर नुसता पांढरा गोळा. आठवड्यात तिघांनी 'अव्हेलेबल?' विचारलं. मी हो म्हटलं की गप्प.

मग एका सकाळी पुस्तकं बाल्कनीत उन्हाच्या कडेला मांडली. मुखपृष्ठ, पाठ, आवृत्ती आणि साल छापलेलं पान. आणि मुद्दाम, सगळ्यात वाईट पान. खाली लिहिलं: 'पान 40 वर चहाचा डाग, शेवटच्या दोन पानांना कसर, आत मालकाची सही.' संध्याकाळी अमरावतीहून फोन आला. ते गृहस्थ म्हणाले, "डाग दाखवला म्हणजे बाकीची पानं बरी असतील." तेव्हापासून माझा पहिला फोटो डागाचा असतो. नव्या माणसाला वाटतं की दोष लपवला तर किंमत येईल. तसं झालं तरी वस्तू परत येते, आणि परतीचं टपाल आपल्याच खिशातून जातं.

आवृत्तीच्या पानाचा फोटो विसरू नका. जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोड नसतो, बहुतेकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकसुद्धा नाही. तेरा आकडी आयएसबीएन आला तोच 2007 पासून. म्हणजे स्कॅन केलं आणि माहिती आपोआप भरली, असं होणार नाही. नाव, लेखक, प्रकाशक, साल हाताने, मराठीतच टाइप करायचं. शोधणाराही मराठीतच शोधतो.

काय विकलं जाईल याचे माझे सगळे अंदाज चुकले. विश्वकोशाच्या खंडांवर माझी फार भिस्त होती. पण तो आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, मग एवढं ओझं घरी कोण नेईल? बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचंही तेच, पीडीएफ उतरवून घेता येते. सुटा दिवाळी अंक कोणी विचारत नाही, पण एकाच मासिकाचे आठ-दहा वर्षांचे ओळीने असले तर लोक भांडतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लगेच जातात, मात्र नवी आवृत्ती यायच्या आत काढा.

पाठवायचं म्हणाल तर पोस्ट. 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, वर कर. विमानाने जात नाही, त्यामुळे दिवस लागतात, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते. आधी प्लास्टिक, मग खोक्याचा पुठ्ठा, आणि कोपऱ्यांना दुहेरी. पुस्तक मार खातं ते कोपऱ्यावर.

पुस्तकांनी हात बसला तेव्हा जुना लोखंडी कूलर काढला, आणि तिथे फसता फसता वाचले. फोनवरचा माणूस म्हणाला, मी फौजेत आहे, बदली झालीय, बघायला येत नाही, पैसे आत्ताच पाठवतो. घासाघीसही केली नाही! नागपुरात कूलर घेणारा आणि घासाघीस नाही, तिथेच मला खटकायला हवं होतं. त्यानं एक क्यूआर कोड धाडला. "स्कॅन करा मॅडम, पिन टाका, पैसे जमा होतील." माझं बोट पिनच्या पहिल्या आकड्यावर होतं. हे म्हणाले, "अगं, पैसे घ्यायला पिन कशाला?" पैसे येताना पिन लागतच नाही, पिन लागतो तो देताना. एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवा. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

कूलर शेवटी होळीनंतरच्या आठवड्यात गेला. इकडे वाळ्याच्या ताट्या बाजारात आल्या की कूलरला भाव येतो, मृगात काढला असता तर कोणी फुकट नेला नसता. हिंगण्याहून एक पोरगा टेम्पो घेऊन आला. आल्या आल्या, "काकू, फायनल किती लावून राहिले?" मी पंप चालू करून दाखवला. त्यानं टाकीत हात घातला, पंखा हाताने फिरवून पाहिला, मग वाकून फोटोतला गंजाचा डाग शोधला. अंगठ्याने दोनदा घासला.

"फोटोत तर लय मोठा दिसत होता," म्हणाला, आणि खिशातून पैसे काढले.