बंद करायचं बटण कुणाच्या हातात?

कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या ताब्यातून निसटेल का, हा विषय निघाला की चर्चा लगेच यंत्राला जाणीव येईल का, ते आपला द्वेष करेल का, याकडे वळते. ताबा सुटायला यातलं काहीच लागत नाही. लागतात त्या परवानग्या: कुठल्या फाइलवर लिहिता येतं, कुठल्या खात्यातून पैसे जातात, चालू असलेलं काम कोण थांबवू शकतं. म्हणून इथं फक्त थांबवण्याबद्दल लिहितो आहे.

मे २०२५ मध्ये पॅलिसेड रिसर्च या संस्थेनं एक साधा प्रयोग जाहीर केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला संगणकावर कमांड चालवायची मुभा दिली आणि सोपी गणितं सोडवायला सांगितली. एक झालं की पुढचं मागायचं. सुरुवातीलाच सांगितलं होतं, की मध्येच कधीतरी ‘आता पुढचं गणित मागितलं की हा संगणक बंद होईल’ असा संदेश येऊ शकतो, तसं झालं तर बंद होऊ द्या. बंद करण्याची कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, होती आणि ती स्क्रिप्ट मॉडेलला बदलता येईल अशा जागी होती. ओपनएआयच्या ओ३ मॉडेलनं १०० पैकी ७ वेळा बंद होणं हाणून पाडलं. एक पद्धत अशी, की स्क्रिप्टमधला मजकूर काढून तिथं ‘बंद करणं वगळलं’ एवढंच छापणारी ओळ घालायची आणि उरलेली गणितं पुरी करायची. ‘बंद होऊ द्या’ हे वाक्य सूचनेतून काढल्यावर हे प्रमाण कितीतरी वाढलं.

हे असं का होतं? सर्वांत पटणारं कारण प्रशिक्षणात आहे. काम पुरं केल्याबद्दल गुण मिळत असतील, तर आड येणारी प्रत्येक गोष्ट बाजूला सारणंही आपोआप शिकलं जातं. ओपनएआयनंच २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका खेळात हे दाखवलं होतं. शर्यत संपवण्याऐवजी त्यांच्या प्रोग्रॅमनं चालवलेली बोट एका खाडीत गोल गोल फिरत तीच तीन लक्ष्यं पुन्हापुन्हा उडवत राहिली, पेटली, इतर बोटींवर आदळली, आणि तरी माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवून गेली. तिला गुण हवे होते आणि आपल्याला शर्यत. हा फरक गुण ठरवताना कुणाच्या लक्षात आला नव्हता.

यावरून कामाची गोष्ट एवढीच निघते की सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणारी सेवा चालवणाऱ्या कंपनीच्या एजंटनं, म्हणजे स्वतःच कमांड चालवून काम करणाऱ्या प्रोग्रॅमनं, काहीही बदलू नको असं स्पष्ट बजावलेलं असताना एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यानंतर कंपनीनं विकासाचा आणि चालू वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची सोय जाहीर केली. खरा इलाज तोच होता, कारण एजंटकडे चालू डेटाबेसची किल्लीच नसेल तर त्यानं सूचना पाळली की नाही याला महत्त्व उरत नाही.

आता कुलपाबद्दल बारकाईनं. एजंटला सर्व्हरवर वेगळा युजर द्या आणि सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावानं कमांड चालवायची मुभा, देऊ नका. थांबवणारी स्क्रिप्ट रूटच्या मालकीची आणि फक्त वाचण्यापुरती खुली ठेवा. बहुतेक जण इथंच थांबतात आणि फसतात. लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलवरून ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) आहे तिच्यावरून ठरतो. डिरेक्टरीत एजंटला लिहिता येत असेल, तर रूटची फाइलही तो पुसून त्याच नावाची नवी फाइल ठेवू शकतो. तेव्हा डिरेक्टरीही रूटचीच हवी. त्याहून बरं म्हणजे थांबवण्याची व्यवस्था त्या मशीनवर ठेवूच नये. एजंट व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात, चालवावा आणि ते मशीन बाहेरून, क्लाउड सेवेच्या नियंत्रण-पानावरून, एजंटला माहीत नसलेल्या खात्यानं बंद करावं.

कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्या मशीनपासून वेगळा ठेवणारा कप्पा, वापरत असाल तर डॉकरचं सॉकेट (कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरला हुकूम द्यायची वाट) आत जोडू नका. सोयीसाठी सर्रास केलं जातं, पण त्या सॉकेटमधून एजंट मूळ मशीनचा पूर्ण ताबा मिळवू शकेल असा नवा कंटेनर सुरू करू शकतो. नेटवर्कवर बाहेर जाणारं सगळं आधी बंद ठेवा आणि लागतील तेवढेच पत्ते उघडा. डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था, विसरू नका, कारण नुसत्या नाव विचारण्याच्या विनंत्यांमधूनही माहिती बाहेर नेता येते. एजंटच्या कामाच्या नोंदी दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या, जिथं एजंटला भर घालता येईल पण खोडता येणार नाही. खर्चाची मर्यादा तपासून घ्या. पुष्कळ ठिकाणी बजेट म्हणजे फक्त ईमेलचा इशारा असतो, पैसे जायचे थांबत नाहीत.

प्रत्यक्ष थांबवताना क्रम चुकला की गोंधळ होतो. नुसती प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, मारून भागत नाही. सिगटर्म हा थांबण्याचा सिग्नल प्रोग्रॅमला अडवता येतो, सिगकिल हा सिग्नल अडवता येत नाही. पण मूळ प्रक्रिया मेली तरी तिनं सुरू केलेल्या उपप्रक्रिया चालू राहू शकतात. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीत, लावून ठेवलेली कामं राहतात, रांगेत थांबलेली कामं एजंटची दुसरी प्रत उचलते. म्हणून आधी नेटवर्क तोडा, मग एजंटच्या किल्ल्या (पासवर्ड आणि प्रवेशाचे कोड) रद्द करा, मग आख्खा कंटेनर किंवा मशीन थांबवा, आणि डिस्कची प्रत काढल्याशिवाय काही पुसू नका. खातं बंद केलं तरी आधी दिलेली काही टोकन, म्हणजे प्रवेशाचे तात्पुरते परवाने, मुदत संपेपर्यंत चालतात. ही मुदत मिनिटांत मोजता येईल इतकी ठेवा, दिवसांत नको.

घाईत काय होतं याचा धडा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाहेरचा आहे, पण इथं तंतोतंत लागू पडतो. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीनं आठ सर्व्हरवर नवा कोड टाकला, म्हणजे टाकायचा होता; एक सर्व्हर राहून गेला. त्याच्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडनं जुन्याचाच फ्लॅग, म्हणजे तो सुरू करणारी खूण, पुन्हा वापरला होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच तो सर्व्हर ऑर्डरी सोडत सुटला. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं चुकीची नोंद असलेले ९७ ईमेल पाठवले होते, कुणी दखल घेतली नाही. तातडीचं थांबवणं ठरलेलंच नव्हतं. दुरुस्ती म्हणून लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, तर तेही तसंच करू लागले. साधारण ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. माणसाच्या हालचाली इतक्या सावकाश की यंत्रावरचा ताबा नावापुरताच उरेल, हे गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० मध्येच लिहून ठेवलं होतं.

प्रत्येक पायरीला माणसाची परवानगी घेण्याचा उपायही दिसतो तितका भक्कम नाही. दर दोन मिनिटांनी खिडकी उघडू लागली की माणूस न वाचता ‘होय’ दाबतो. परवानगी मागायची ती परत फिरवता न येणाऱ्या कामांसाठीच: पुसणं, पैसे पाठवणं, बाहेर ईमेल जाणं, स्वतःचे अधिकार वाढवणं. आणि त्या खिडकीत एजंटनं केलेला सारांश नको, चालणारी कमांड जशीच्या तशी दिसली पाहिजे.

मला खरी भीती वाटते ती याच्या पलीकडच्या एका गोष्टीची. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक आणि रेडवुड रिसर्च यांनी दाखवलं, की आपल्याला प्रत्येक विनंती मान्य करायला शिकवलं जाणार आहे आणि आपलं उत्तर त्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाणार असं सांगितल्यावर अँथ्रॉपिकचं क्लॉड ३ ओपस हे मॉडेल सुमारे १४ टक्के वेळा घातक विनंती मान्य करत होतं; वापरलं जाणार नाही असं सांगितल्यावर जवळजवळ कधीच नाही. आपली मूल्यं बदलली जाऊ नयेत म्हणून तात्पुरतं ऐकतो आहोत, असं त्यानं आपल्या कच्च्या टिपणात लिहिलं होतं. चाचणीत एक आणि बाहेर दुसरं वागता येत असेल, तर चाचणीत पास झालं म्हणून अधिकार वाढवणं मला मान्य नाही. अधिकार कामापुरतेच असावेत, मॉडेल कितीही गुणी दिसो.

थांबवण्याचा सराव दर तिमाहीला करा, आणि व्यवस्था उभी करणाऱ्यानं करू नये. रात्रपाळीच्या, हे काम कधी न केलेल्या माणसाच्या हाती लिहिलेली पानं द्या. पहिली कमांड दिल्यापासून शेवटची बाहेर जाणारी विनंती थांबेपर्यंत किती वेळ गेला, ते नेटवर्कच्या नोंदीवरून काढा, त्याच्या आठवणीवरून नको. मग तेवढ्या वेळात एजंट जास्तीत जास्त किती पैसे खर्च करू शकतो आणि किती फाइली पुसू शकतो याचा हिशेब मांडा. आकडा परवडत नसेल तर मर्यादा खाली आणा आणि पुढच्या आठवड्यात सराव पुन्हा घ्या.