नवीन सीट, मांडवा ते मुरूड आणि ते तीन सेंटीमीटर

आधी निकाल सांगतो, मग गोष्ट. जुन्या सीटच्या नाकाला नवीन सीटचं नाक जुळवून "झालं साहेब, सेम टू सेम" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर सायकल घ्या आणि घरी या. मी आलो नाही, उलट साडेसहाशे रुपये फिटिंग चार्ज दिला, नुसत्या दोन नटांचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच घेऊन मुरूडला निघालो. चूक माझीच, लांब राइडच्या आदल्या दिवशी सीट बदलू नये हे मला दहा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

जुनी सीट सायकलीबरोबर आलेली, लांब नाकाची, २७५ मिमी. नवीन हल्ली सगळे घेतात ती आखूड नाकाची, २४५ मिमी, मध्ये फट असलेली. आता डोकं चालवा. आखूड सीटचं पुढचं नाकच कापलेलं असतं, बसायची रुंद जागा साधारण तशीच असते, म्हणजे नाकाला नाक लावलं की अख्खी बसायची जागा तीन सेंटीमीटर पुढे सरकते. आपण नाकावर बसत नाही हो. नाक जुळवायचं नसतं, बूड जुळवायचं असतं.

बरं, दुकानात कळलं का नाही? टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ होतो का ते मी बघितलं होतं, होत होता. गंमत अशी की नवीन सीट रेलपासून, म्हणजे सीटखालच्या दोन आडव्या दांड्यांपासून, वर जास्त उंच होती, साधारण सात-आठ मिमी, आणि सीट पुढे आली की क्रँकपासूनचं, म्हणजे पॅडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासूनचं, अंतर कमी होतं, तीन सेंटीमीटरला साधारण नऊ मिमी. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं आणि उंची बरोबर वाटली.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं थोडक्यात. अटल सेतूवर सायकलच काय, मोटारसायकलसुद्धा नेता येत नाही, तेव्हा तो विचार सोडा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट, तासाभरात पलीकडे, तिकीट आधी काढून ठेवा, सायकलचं वेगळं लागतं. मांडवा ते अलिबाग वीसेक किमी, अलिबाग ते मुरूड पन्नास. पॅडेड शॉर्ट्स, पंक्चरचं सामान, दोन बाटल्या हे सांगायला लागत असेल तर आधी दोन-चार रविवार मुलुंड ते गेटवे करा आणि मग या.

अलिबागपर्यंत काही नाही. तिथून पुढे नागाव, चौल करत जाताना तळहात बधिर व्हायला लागले, मला वाटलं ग्लोव्ह्ज जुने झालेत. मग गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखायला लागलं, मग भलत्याच जागी मुंग्या. मित्र मागून ओरडला, "अरे तू हँडलवर लोटांगण का घालतोयस?" तेव्हा पेटली. बूड पुढे म्हणून वजन हातावर आणि गुडघा पॅडलच्या फार पुढे. शिवाय दुकानाबाहेरच्या उताराच्या फुटपाथवर सायकल उभी करून लेव्हल बघितलेली, त्यामुळे नाक वर. मुंग्या त्याच्याच.

रेवदंड्याला पुलाच्या अलीकडे टपरीवर थांबलो. मल्टीटूल होतं पण मोजायला काहीच नाही, जुनी सीट दादरला बाल्कनीत. घरी फोन लावला.

"आई, बाल्कनीत पिवळ्या पिशवीत सायकलची सीट आहे बघ, ती काढ आणि पाचशेची नोट घे."

"पाचशेची कुठून आणू सकाळी सकाळी? शंभराची आहे."

"चालेल, रुंदी तीच असते. नोट सीटवर आडवी धर, नोटेची रुंदी आणि सीटची रुंदी जिथे सारखी होते तिथे खूण कर. मग टोकापासून त्या खुणेपर्यंत तुझ्या शिवणाच्या टेपने मोज."

"अरे पण तू पोचलास का? खाल्लंस का काही?"

तर ही युक्ती लक्षात ठेवा. हल्लीच्या ५०, १००, २०० आणि ५०० च्या चारही नोटांची रुंदी ६६ मिमी आहे आणि ५०० ची लांबी बरोबर १५० मिमी, म्हणजे तिची तिहेरी घडी घातली की पाच पाच सेंटीमीटरची पट्टी. जाणकार सीटची रुंदी ८० मिमी होते ती जागा धरतात, तीच जास्त चांगली, पण रस्त्यावर ६६ ने काम भागतं, दोन्ही सीटला मोजपट्टी एकच हवी एवढंच. आईकडून उत्तर आलं तेरा सेंटीमीटर. माझ्या नवीन सीटवर नोटेच्या दोन घड्या, दहा. तीन सेंटीमीटरचा फरक, तिथल्या तिथे हिशोब चुकता. नोट परत पाकिटात ठेवली आणि चहाचे पैसे मित्राकडून दिले.

सीट मागे सरकवली, पण रेलवर मॅक्सची खूण असते तिच्यापलीकडे नेऊ नका, रेल तिथे वाकडा होतो आणि त्याला पकडणारा क्लॅम्प नीट धरत नाही. मला सव्वादोन-अडीच सेंटीमीटरच मिळाले. नाक डोळ्याच्या अंदाजाने खाली केलं. हात लगेच हलके झाले, पाचच मिनिटांत, मी तर खूश, पूल ओलांडताना गाणी वगैरे.

आणि इथे दुसरा गाढवपणा. सीट मागे नेली की क्रँकपासूनचं अंतर वाढतं, दर सेंटीमीटरला साधारण तीन मिमी, आणि ही सीट आधीच उंच. म्हणजे सीटपोस्ट, सीटखालचा उभा दांडा, सात-आठ मिमी खाली घ्यायला हवा होता. घेतला नाही. साळाव सोडून कोर्लईच्या बाजूला वळलो आणि तिथून बोर्लीपर्यंतचा रस्ता, काय सांगू. खड्डे असते तर चाललं असतं, खड्डा चुकवता येतो. इथे जुन्या डांबरावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, मध्ये मोकळी खडी, उजवीकडून काशीदला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या हॉर्न मारत अंगावर. ज्या कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते ते गाव मी फक्त समोरच्या चाकाच्या वरून बघितलं. बारीक टायरवाल्यांनो, २५ मिमीचे टायर घालून इथे येऊ नका, ३२ च्या खाली मजा नाही. प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवी डुलत होती आणि चढावर गुडघ्याच्या मागची शीर ओढायला लागली. मघाशी पुढून दुखत होतं, आता मागून. लक्षात ठेवायला सोपं आहे, पुढून दुखलं तर सीट खाली किंवा फार पुढे, मागून दुखलं तर वर किंवा फार मागे. दर वेळी खरं असेलच असं नाही, पण सुरुवात तिथून करा.

त्यात एका मोठ्या धक्क्यात सीटचं नाक टप्पकन वर गेलं. एकाच बोल्टचा क्लॅम्प, आत दाते, मल्टीटूलचा दांडा तो केवढा, पुरेसा घट्टच झाला नव्हता. पुढच्या एका गावातल्या दुकानदाराने लांब ॲलन की (षटकोनी चावी) लावून तो बोल्ट पिळला आणि अडीचशे रुपये मागितले. अडीचशे! एक बोल्ट! मी "दादा, किती वेळ लागला तुम्हाला" म्हटलं तर म्हणतो, "शहरात हजार घेतात." दोनशे दिले आणि दिवसभर धुमसत राहिलो. लांब दांड्याची ५ आणि ६ मिमीची ॲलन की जवळ ठेवा, वजन नाममात्र, आणि क्लॅम्प आवळण्याआधी दात्यांतली धूळ पुसा. क्लॅम्पवर किती आवळायचं तो आकडा छापलेला असतो, रेल कार्बनचे असतील तर तो पाळा, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

मुरूडला लॉजच्या पॅसेजमध्ये शेवटी नीट केलं. लेव्हलसाठी मोबाइल सरळ सीटवर ठेवू नका, तो खोलगट भागात बसतो. लॉजवाल्याकडून चहाचा ट्रे मागितला, तो सीटवर ठेवला आणि त्यावर मोबाइल. फरशी सपाट असेलच असं नाही, म्हणून सायकल त्याच जागी उलट दिशेला फिरवून पुन्हा आकडा बघायचा आणि दोन्हींच्या मधला धरायचा. नाक दोन अंश खाली ठेवलं, याहून खाली केलं तर पुढे घसरून परत हातावर येता. पोस्ट आठ मिमी खाली घेतला आणि त्याला इन्सुलेशन टेपचं एक वेटोळं घातलं, खूण म्हणून. मग भिंतीला टेकून पॅडल पुढे आडवं ठेवलं, गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून बुटाच्या नाडीला चावी बांधून ओळंबा सोडला. चावी पॅडलच्या आसापासून बोटभर पुढे पडली. काही लोक या ओळंब्याला वेद मानतात, काही थोतांड म्हणतात, मी तो फक्त आधीच्या मापाशी ताडून बघायला वापरतो. ही बोटभर चूक रेल संपल्यामुळेच, म्हणजे मला मागे वाकलेला सीटपोस्ट लागणार. म्हणजे अजून खर्च.

जंजिरा बघितला, छान आहे. येताना हवाही छान होती.

परतीला सत्तर किमीत गुडघा एकदाही बोलला नाही, त्यामुळे सीट वाईट होती असं म्हणवत नाही, उलट बूड पूर्वीपेक्षा सुखात आहे. तुम्ही सीट बदलणार असाल तर जुनी काढायच्या आधी तीन मापं घ्या आणि मोबाइलमध्ये फोटोसकट ठेवा: क्रँकच्या मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंत, ८० मिमी रुंदीच्या जागेपासून हँडलपर्यंत, आणि नाकाचा कल. नवीन बसवल्यावर आधी पुढे-मागे, मग कल, आणि उंची सगळ्यात शेवटी, कारण पहिल्या दोन्हींनी ती बदलते. मग घराजवळ दोन वेळा वीस-वीस किमी, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवा, तीही तीन-चार मिमीच.

दुकानात जाऊन सांगून आलो. तो म्हणाला, "साहेब, नवीन सीटची सवय व्हायला पाचशे किलोमीटर लागतात." मी पाकिटातून पाचशेची नोट काढून आडवी धरली तर त्याला वाटलं पैसे देतोय.