एका सहीसाठी पाच खेपा

माझं तुळशीबागेचं जलरंगातलं चित्र गेल्या वर्षी एकाने स्वतःच्या नावाने ऑनलाइन टाकलं, कोपऱ्यातली माझी सही कापून. तक्रार केली, कच्ची रेखाटनं जोडली, चार दिवसांत ते निघालं. मग ठरवलं, कॉपीराइटची नोंदणीच करून टाकू. चित्र काढलं की हक्क आपलाच, नोंदणी सक्तीची नाही. पण कोर्टात जायची वेळ आली तर ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते.

अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस थांबणं, सगळं सुरळीत झालं. मग त्रुटीचं पत्र आलं: चित्र आधी प्रकाशित झालंय, प्रकाशकाचं ना-हरकत पत्र जोडा.

एका दिवाळी अंकात ते छापून आलं होतं, आणि मी तसं अर्जात खरं लिहिलं होतं.

नारायण पेठेतल्या त्या अंकाच्या कार्यालयात गेले. संपादक बाहेरगावी. दुसऱ्यांदा, "ताई, अंकाची गडबड संपली की या." इकडे उत्तराची मुदत चाललेली. तिसऱ्यांदा म्हणाले, "मानधन दिलंय ना, मग हक्क आमचाच की!" तिथे मी तापले. चित्र मी आधीच, माझ्यासाठी काढलेलं; त्यांनी ते एकदा छापायला घेतलं. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कायद्याने लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. मी कशावरही सही केली नव्हती. चौथ्या खेपेला त्यांचाच जुना ईमेल छापून नेला, त्यात स्पष्ट होतं, 'यंदाच्या अंकापुरतं'. वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "लेटरहेड संपलेत." पाचव्या खेपेला मजकूर मीच टाइप करून नेला, समोर बसले आणि सही-शिक्का घेऊनच उठले.

हे पत्र मानधनाच्या दिवशीच मागून घ्या, तेव्हा कुणी नाही म्हणत नाही. मात्र कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन चित्र रंगवलंत, तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. त्यामुळे रंगवायला बसण्याआधी लिहून घ्या.

आता मी सही कोपऱ्यात करत नाही, चित्रातल्या पितळी भांड्यांच्या रांगेतच करते. ती कापायची तर चित्रच कापावं लागेल. ऑनलाइन टाकते ती लहान प्रत, मोठी छापली की धूसर होते. आणि कच्ची रेखाटनं रद्दीत घालू नका, माझी तक्रार त्यांच्यावरच उभी राहिली.

प्रमाणपत्र आलंय. कर्ता आणि मालक, दोन्हीकडे माझंच नाव आहे. तीनदा वाचलं.