सांगोल्याच्या आमदाराचे इंदुरात काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नाच्या पंगतीत असो की रामबागेतल्या एखाद्या कार्यक्रमानंतरच्या चहाला, निवडणुकीचा विषय निघाला की मी गणपतराव देशमुखांचे नाव घेतो, आणि मग कोणीतरी हटकतेच, की तुम्ही इंदूरचे, तुमचे मत इंदुरात, तुमचा आमदार भोपाळला बसतो, मग हे सोलापूर जिल्ह्यातले उदाहरण आम्हाला कशासाठी? शंका रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी सांगोला पाहिला असेल तो पंढरपूरहून मिरजेकडे जाताना, गाडीच्या खिडकीतून.

गणपतरावांविषयी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे आकडा. एकाच सांगोला मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) वतीने ते अकरा वेळा निवडून आले. पहिला विजय 1962 चा, अकरावा 2014 चा, आणि तेव्हा त्यांचे वय 88 होते. वर्तमानपत्रांनी हा विक्रम पुष्कळ मिरवला. मला मात्र विजयांच्या यादीतल्या दोन खाचा अधिक बोलक्या वाटतात. 1972 मध्ये ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 मध्ये पुन्हा हरले आणि 1999 मध्ये परत आले. म्हणजे सांगोल्याच्या मतदारांनी डोळे मिटून शिक्के मारले नव्हते. नको वाटले तेव्हा त्यांनी गणपतरावांना घरी बसवले, आणि हवे वाटले तेव्हा पुन्हा बोलावले. ‘एकाच माणसाला इतकी वर्षे निवडून देणे म्हणजे भाबडेपणा’ असे म्हणणाऱ्यांनी ही दोन सालेही मोजावीत.

पक्षाचे म्हणाल, तर शेकापच्या स्थापनेत अग्रभागी असलेले केशवराव जेधे पुढे काँग्रेसमध्ये परतले, यशवंतराव मोहितेही तिकडे गेले. सत्तेचा रस्ता कुठून जातो हे गणपतरावांना दिसत नसेल असे नाही. ते पेशाने वकील होते. तरीही ते पक्षातच राहिले आणि त्यामुळे कारकिर्दीचा फार मोठा भाग त्यांनी विरोधी बाकांवर काढला. 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि नंतर 1999 च्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले, तेवढीच त्यांची सत्ता. एस. टी. ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांच्या साधेपणाचे गोडवे गायले जातात. ते खोटे नाहीत, पण साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत असत्या, तर आपल्या ओळखीचे अर्धे निवृत्त मास्तर आज आमदार असते.

खरा मुद्दा पाण्याचा, आणि तो इंदूरकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. 1970 मध्ये आपल्या शहरात नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन पेटले, आणि 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर तोडून, विंध्याची चढण पंपांनी चढवून नर्मदा नळांत आली. गजबजलेले, व्यापारी, आवाज करू शकणारे शहर होते म्हणून मागणीपासून पाण्यापर्यंत आठ वर्षे पुरली. सांगोला हा पर्जन्यछायेतला दुष्काळी तालुका. कृष्णा तिथून दूर आणि खालच्या पातळीवर. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1976 मध्ये 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिले, पण वाट्याला आलेले पाणी अडवून, उचलून सांगोल्यासारख्या दुष्काळी माणदेशापर्यंत नेण्याची निकड सरकारला बराच काळ वाटली नाही. लवादाच्या निवाड्याचा फेरविचार 2000 नंतर होऊ शकत होता, आणि ती मुदत जवळ येऊ लागली तेव्हा 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले. त्याआधीच नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, डॉ. भारत पाटणकर या मंडळींनी आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद उभी केली होती.

आता साले जुळवून पाहा. महामंडळ स्थापन झाले तेव्हा गणपतराव आमदारच नव्हते, 1995 चा पराभव नुकताच झालेला होता. पाणी परिषद मात्र त्यांनी सोडली नाही. विधानसभेत असताना जो प्रश्न मांडायचा, तोच पराभवानंतर रस्त्यावर मांडायचा, आणि पुन्हा निवडून आल्यावर सभागृहात त्याचाच पाठपुरावा करायचा, हे सातत्य मला अकरा विजयांहून मोठे वाटते. टेंभूसारख्या टप्प्याटप्प्याने पाणी उचलणाऱ्या योजना पाच वर्षांच्या एका मुदतीत पुऱ्या होत नाहीत. मंत्री बदलतात, निधी आटतो, कालवा अर्ध्यावर थांबतो, आणि अशा वेळी मागची प्रत्येक घोषणा तारखेसह लक्षात ठेवणारा एक माणूस सभागृहात असावा लागतो.

यावर माझे एक स्नेही म्हणतात की तोच आमदार सत्ताधारी पक्षात गेला असता, तर पाणी लवकर आले असते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि मी तो उडवून लावत नाही. सत्तेबाहेर राहण्याची किंमत तालुक्याने मोजली असेलच. पण त्याच दशकांत सत्ताधारी आमदार असलेले शेजारचे दुष्काळी तालुकेही पाण्यासाठी ताटकळतच होते, त्यामुळे निव्वळ पक्ष बदलून पाट वाहिला असता, हे मला पटत नाही.

मध्य प्रदेशातले उदाहरण हवे असेल, तर बाबूलाल गौर घ्या. तेही 1974 च्या पोटनिवडणुकीतूनच विधानसभेत आले, भोपाळमधून दहा वेळा निवडून गेले, त्यांतल्या आठ खेपा सलग एकट्या गोविंदपुऱ्यातून, आणि 2004-05 मध्ये मुख्यमंत्रीही झाले. अतिक्रमणे पाडणारे ‘बुलडोझर मंत्री’ ही त्यांची ओळख 1990 च्या सुंदरलाल पटवा सरकारातली. त्यांची कारकीर्द मला कमी लेखायची नाही. राजधानीच्या शहरात, सत्तेच्या जवळ राहून काम करणे हा वेगळा मार्ग आहे. पण आपण आमदाराला मुख्यतः ‘काम करून घेण्याचा माणूस’ समजतो, बदली, दाखला, नळजोडणी एवढ्यासाठी त्याच्या बंगल्यावर जातो, आणि सभागृहात तो काय बोलला हे विचारतही नाही. ही सवय सुटावी म्हणून मी गणपतरावांचे नाव घेतो.

घराणेशाहीचाही प्रश्न येतोच. 2019 मध्ये वयामुळे ते थांबले, नातू अनिकेत उभे राहिले, आणि 1995 मध्ये आजोबांना हरवणाऱ्या शहाजीबापू पाटलांकडूनच 768 मतांनी हरले. गणपतराव 30 जुलै 2021 रोजी गेले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. या निकालाला मी आजोबांच्या कारकिर्दीचा पुरावा म्हणून वापरत नाही. नातवाचा हिशेब सांगोलेकर मांडतील, आणि आजोबांना दोनदा घरी बसवणाऱ्यांना तो मांडता येतो, हे दिसलेच आहे.