ऐकू येत होतं, पोचत नव्हतं

ट्रॅक्टर ओढ्यात उलटला होता आणि चालवणाऱ्याचा डावा पाय मांडीपासून मडगार्डखाली अडकला होता. रुग्णवाहिका वर रस्त्यावर उभी करून मी आणि ड्रायव्हरदादा उतारावरून घसरत खाली आलो. माणूस शुद्धीवर होता. माझं मनगट त्याने धरलं ते सोडेना.

मला दोन गोष्टी तातडीने हव्या होत्या, पत्रा कापणारं कटर आणि डॉक्टरांचा सल्ला. पाय बराच वेळ दबला असेल तर ओझं तसंच उचलून चालत नाही. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. सलाईन आधी चालू करायचं, मग लोखंड हलवायचं.

मोबाईलला रेंज नव्हती. आणीबाणीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो, पण तिथे कुणाचाच सिग्नल नव्हता. वॉकीटॉकीवर निरोप दिला. लगेच कंट्रोलचा आवाज आला, समोर बसून बोलावं इतका स्वच्छ. "तुमची परिस्थिती कळवा." मी कळवली. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा कळवली.

डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे सेटचा निरोप पकडून पुढे पाठवणारं यंत्र, मोठ्या ताकदीने बोलतो, त्याचं बोलणं खालपर्यंत येतं. माझा हातातला सेट पाच वॅटचा, अँटेना वीतभर, मध्ये ओढ्याचा उंच काठ. माझं त्याच्यापर्यंत जातच नव्हतं. सेट मुका असता तर मी पहिल्याच मिनिटाला दादांना वर पिटाळलं असतं. आवाज येत होता म्हणून वाटत राहिलं, आता पोचेल, दोन पावलं सरकले की पोचेल. त्यात नऊ मिनिटं गेली. त्याच नऊ मिनिटांत कंट्रोलने दुसऱ्या गाडीला सांगितलेलं मी ऐकलं, "ते पेशंट घेऊन निघाले असतील, तुम्ही परत फिरा." मी बटण दाबून ओरडत होते.

शेवटी दादाच म्हणाले, "मॅडम, मी वर जातो. डायरेक्ट चॅनेल लावा." डायरेक्टवर रिपीटर लागत नाही, सेट सेटशी बोलतो. दादा काठावर गाडीपाशी उभे राहिले. एका हातात गाडीतल्या जास्त ताकदीच्या सेटचा माईक, दुसऱ्यात वॉकीटॉकी. डॉक्टरांचं एकेक वाक्य त्यांच्या तोंडून खाली येऊ लागलं. आकडे ते सुटे सुटे सांगत, "एक, शून्य, शून्य, शून्य. परत म्हणा." मी परत म्हणायचे, मगच ते पुढे जायचे.

कटर आलं, माणूस निघाला. जीव वाचला, पाय नाही. नऊ मिनिटांमुळे पाय गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण मला ती मिनिटं पाठ आहेत.

नंतर कंट्रोलमधल्या नकाशावर तो ओढा पाहिला. हिरवा, म्हणजे रेंज आहे. ती तपासणी टपावर अँटेना असलेल्या गाडीतून, रस्त्यावरून झाली होती. खाली उतरून, हातातल्या सेटवरून कुणी बोलून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठेही पोचले की आधी बटण दाबून विचारते, "माझं ऐकू येतंय का?" उत्तर आलं नाही तर दादा वरच थांबतात आणि ती जागा वहीत जाते. गेल्या महिन्यात वही कंट्रोलला दिली. त्या ओढ्यासाठी नवा रिपीटर अजून आलेला नाही. पण आता त्या ओढ्याकडे गाडी निघाली की कंट्रोल आधीच सांगतं, एकाने वर थांबा.