पाळीव अजगरांसाठी पांढरे उंदीर : कोकणातलं वर्षाचं गणित

उंदीर आणण्याआधी खाणारी तोंडं मोजावीत. समजा, घरात दोन मोठे बॉल पायथन (आफ्रिकेतल्या जातीचे अजगर) आहेत आणि दोन लहान. मोठ्यांना पंधरा दिवसांनी एक उंदीर, लहानांना आठवड्याला एक पिल्लू. महिन्याला झाले साधारण 13. मादीचा गाभणकाळ 21 ते 23 दिवस, वेतात 8 ते 12 पिल्लं, मग चार आठवडे दूध आणि आठवडाभर विश्रांती. म्हणजे एक मादी दर आठ आठवड्यांनी विते. चार माद्या आणि एक नर एवढ्यात या घराचं भागतं, मरतूक धरूनही. हौसेने दहा माद्या आणणाऱ्यांची वर्षभरात उंदरांचीच चाकरी सुरू होते.

विश्रांती द्यायची तर नराला वेळेत बाजूला करावं लागतं. व्यायल्यावर चोवीस तासांत मादी पुन्हा माजावर येते. नर तिथेच असला की एक वेत पाजता पाजता दुसरं पोटात वाढू लागतं. मादी खंगते, पुढची वेतं लहान होतात. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतं, तेव्हाच तिला वेगळ्या क्रेटमध्ये हलवावं. पिल्लं पाच आठवड्यांची व्हायच्या आत नर-माद्या वेगळ्या.

आता कोकणाचं हवामान. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून टाकतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात एवढ्याने भागत नाही. नराचं बीज कमजोर पडतं, माद्या लागत नाहीत, लागल्या तर वेत लहान. पत्र्याची शेड तर नकोच. कौलारू, चिऱ्याचा मांगर उत्तम. जास्तीत जास्त जोड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी लावाव्यात आणि जादा उंदीर फ्रीझरमध्ये साठवावेत. पण हा साठा मेअखेर संपेल इतकाच! मृगाच्या वाऱ्यात एखादा माड तारांवर आडवा झाला की दोन-दोन दिवस वीज नाही, आणि एकदा बर्फ सुटलेला उंदीर पुन्हा गोठवून सापाला देऊ नये. फ्रीझरमधली मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी, गारवा जास्त टिकतो.

पावसात खरा शत्रू ओल. क्रेटमध्ये अंथरलेल्या भुशाला ओल आली की मुतातून अमोनिया सुटतो, त्याने नाक-फुप्फुसं सोलवटतात आणि मायकोप्लाझ्मा (फुप्फुसाला त्रास देणारा जंतू) उचल खातो. तो औषधाने दबतो, जात नाही. नाका-डोळ्यांभोवती तांबूस खळ, श्वासाला घरघर, असा उंदीर पैदाशीतून काढावा. परीक्षा सोपी : गुडघ्यावर बसून नाक क्रेटच्या पातळीला न्यावं. तिथे झोंबलं तर भुसा बदलायला उशीर झालाय. एरवी आठवड्यातून एकदा पुरतं, आषाढात दोनदा. बदलताना घरट्यातला मूठभर जुना भुसा परत ठेवावा, नाहीतर वास बदलल्याने मादी बिथरते.

भाताचं तूस फुकट मिळतं, पण मूत शोषत नाही. सॉ मिलच्या करवतीची बारीक भुकटी नाकात जाते. सुताराकडची रंध्याची सालपटं घ्यावीत, मेच्या उन्हात कडक वाळवून झाकणाच्या पिंपात भरावीत.

पाण्याच्या निपलला रोज बोट लावून पाहावं. आतल्या गोळीखाली भुशाची एक काडी अडकली की थेंब-थेंब गळती सुरू होते आणि सकाळी पिंक्या (बिनकेसांची नवजात पिल्लं) ओल्या भुशात गार पडलेल्या सापडतात. उलट निपल चोंदला तर तहानलेली मादी पिल्लंच खाते.

कणी आणि चपातीच्या तुकड्यांवर उंदीर जगतो, वेत पोसत नाही. पैदाशीला 18 ते 20 टक्के प्रथिनांचं उंदरांचं पेलेट (गोळीखाद्य) हवं. मोठा उंदीर दिवसाला 15 ते 20 ग्रॅम खातो, पाजती मादी दुपटीहून जास्त. अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य नको, त्यातला चुना मूत्रपिंडाला जड. शेंगदाण्याच्या पेंडीला पावसात बुरशी लागते, तीही नको.

मांगराची फट न् फट पाव इंची जाळीने बंद करावी. रानउंदीर लेप्टो (मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) घेऊन येतात आणि उंदरांच्या वासाने धामण येतेच. हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर मुताला हात लावू नये. ताप आल्यास डॉक्टरांना उंदरांचं आधी सांगावं. बागेत पकडलेला उंदीर सापाला घालू नये, त्याने विष खाल्लेलं असू शकतं. हे सगळं परदेशी सापांपुरतं. आपला अजगर किंवा धामण पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनचीही 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

जिवंत उंदीर सापापुढे सोडू नये. साप भुकेला नसेल तर उंदीरच त्याला कुरतडतो. मारण्यासाठी रेग्युलेटर लावलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के या वेगाने. सोडा-व्हिनेगरने वायू काढण्याचा खेळ नको, त्यात वेग हातात राहत नाही. पिंक्या कमी ऑक्सिजनवर बराच तग धरतात, त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो.

गोठवलेला उंदीर बर्फ सुटायला रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवावा. पोट दाबून पाहावं. आत खडा लागला तर साप उलटी करणार, पुन्हा पाण्यात.